बिनसावलीची दुपार

द्रोणाचार्यांना कोणी मारलं असं विचारलं की बहुतेक जण आधी अर्जुनाचं नाव घेतात, मग स्वतःच सावरून ‘नरो वा कुंजरो वा’पाशी येतात आणि तिथेच थांबतात. मान कापली धृष्टद्युम्नानं. द्रुपदानं यज्ञ मांडला तोच मुळी द्रोणाला मारील असा मुलगा व्हावा म्हणून. आणि त्या मुलाला अस्त्रविद्या शिकवली द्रोणांनीच, तो कशासाठी जन्मलाय हे पुरतं माहीत असताना. एका कीर्तनात बुवांनी हे जाता जाता सांगितलं आणि ते पुढच्या पदाकडे वळले. माझं मात्र पुढचं कीर्तन ऐकायचंच राहिलं. त्या पोराला नेम धरायला शिकवताना मास्तर कुठे बोट दाखवत असतील?

माझ्या चित्रकादंबरीचं बी एवढंच. बाहेर ग्राफिक नॉव्हेल म्हटलं की लोकांना कळतं, घरी ते ‘तुझं ते कॉमिक’. मी इंदूरला राहते, पाठ्यपुस्तकांची चित्रं काढते, मसाल्याच्या पाकिटांवरच्या मिरच्या काढते, आणि उरलेल्या वेळात हे.

मुकुट आणि रथ काढायचे नव्हते. मुकुट काढायला घेतला की हात आपोआप कॅलेंडराकडे वळतो. म्हणून गोष्ट उचलली आणि पार पुढच्या काळात नेऊन ठेवली. किती पुढच्या, हे मात्र लवकर ठरेना. दूरचं भविष्य म्हटलं की काहीही चालतं, आणि काहीही चालतं तेव्हा एक साधा दरवाजासुद्धा ठामपणे काढता येत नाही.

तारीख मिळाली ती उज्जैनच्या वेधशाळेत. कर्कवृत्त उज्जैनवरून जातं असं आम्ही माळव्यातली पोरं लहानपणापासून ऐकत आलेली. नकाशा उघडला तर ते शहराच्या उत्तरेला, पंचवीस-तीस किलोमीटरांवर. आणि ते एका जागी थांबतही नाही. पृथ्वीच्या आसाचा कल सुमारे ४१ हजार वर्षांच्या चक्रात कमी-जास्त होतो. सध्या तो कमी होतोय, त्यामुळे कर्कवृत्त वर्षाला साधारण चौदा-पंधरा मीटर दक्षिणेला सरकतंय. या हिशेबानं ते दोनेक हजार वर्षांत उज्जैनवर येईल. पुढे वेग मंदावत जातो, आणि आमच्या इंदूरवर पोचायला त्याला आजपासून साडेसहा हजार वर्षांच्या आसपास लागतील.

माझी तारीख ठरली. कर्कवृत्त इंदूरच्या राजवाड्यावर येईल तो काळ.

हे आकड्यांचं वेड वाटेल, पण चित्र काढणाऱ्याला यातून मोठी गोष्ट मिळते. आज इंदूरला वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, जूनच्या पहिल्या आठवड्यात एकदा आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा. दुसऱ्या वेळी बहुधा ढग असतात, त्यामुळे तो कोणाच्या लक्षात येत नाही. कर्कवृत्त गावावर आलं की हे दोन दिवस एकमेकांत मिसळून एकच उरतो, वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. शिवाय त्या सुमाराला सूर्य उत्तर-दक्षिण जवळजवळ हलतच नाही, म्हणून आठवडाभर रोज दुपारी सावली नाहीशी होते. म्हणजे गोष्टीतल्या माणसाला पळायला एक नाही, अनेक दुपारी.

आता हा माणूस कोण आणि कशापासून पळतोय ते सांगते.

‘मालव भूमि गहन गंभीर, डग-डग रोटी, पग-पग नीर’ ही म्हण इथे प्रत्येकाला पाठ असते. प्रत्यक्षात इंदूर १९७८ पासून नर्मदेवर जगतं. जलूदला नदीतून पाणी उपसायचं, पाचशेक मीटर वर विंध्याचा चढ चढवायचा, सत्तर किलोमीटर वाहून आणायचं आणि मग नळाला सोडायचं. पावलापावलावर पाणी असलेल्या भूमीची ही तऱ्हा. माझ्या पुस्तकात त्या उपशातलं एकच यंत्र उरलंय. ते कोणी बांधलं, कसं चालतं, कोणाला ठाऊक नाही; कुरकुरत चालतं एवढंच. राजवाड्याच्या जागी टेकाड आहे. राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी. १९८४ च्या जाळपोळीत लाकडाचं काय होतं ते गावानं पाहिलंय, त्यामुळे साडेसहा हजार वर्षांनी वरचं काही ठेवायचा प्रश्न नव्हता. दगडी कमानीचा माथा तेवढा मातीतून डोकावतो आणि त्याच्या आडोशाला वस्ती. पाणी रोज मोजून मिळतं. मोजणारा तो मापारी.

मापारी हा या वस्तीतला सगळ्यात भरवशाचा माणूस. त्याच्याकडे मूळ माप आहे, बाकी सगळी मापं त्याच्यावरून जुळवलेली. त्यानं एक अनाथ पोरगी वाढवली, रेवा, आणि तिला दोन विद्या दिल्या. एक मोजणं, दुसरी माग काढणं, कारण पाणी घेऊन पळणाऱ्यांना परत आणणं हेही मापाऱ्याच्या घराचं काम. एका पहाटे तो स्वतःच मूळ माप घेऊन निघून जातो. माप नाही तर वाटणी नाही, आणि वाटणी नाही तर दुपारपर्यंत पहिला खून. पंच रेवाला पाठवतात: माप आण, त्याला आणू नकोस.

माग काढण्याबद्दल मी बरंच वाचलं आणि त्यातली एक गोष्ट सगळ्या पुस्तकाला पुरली. पाऊल वाचायला तिरपा उजेड लागतो. सकाळ-संध्याकाळ ठशाच्या कडांना सावली असते, टाच कुठे रुतली, अंगठा कुठे दाबला, ओझं कोणत्या हातात होतं, सगळं दिसतं. जाणकार माणूस ठसा स्वतःच्या आणि सूर्याच्या मधे येईल असा उभा राहतो. ऊन डोक्यावर आलं की तोच ठसा सपाट होतो. समोर असून दिसत नाही. हे रेवाला शिकवलं मापाऱ्यानं. म्हणून तो चालतो ते फक्त भर दुपारी, कर्कवृत्ताच्या आठवड्यात. पावसाची वाट बघणाऱ्या काळ्या मातीत, भेगांवरून उड्या टाकत. पोरीला दिलेली विद्या कुठे आंधळी होते हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार?

पळून जाणार कुठे, हे ठरवायला क्षणही लागला नाही. जानापाव. महूच्या पुढे, साडेआठशे मीटर उंचीचा डोंगर, चंबळ तिथे उगम पावते, आणि परशुरामाचं जन्मस्थान म्हणून लोक तिथे जातात. परशुराम म्हणजे पुन्हा तोच मामला: भीष्म त्याचा शिष्य, आणि दोघांचं युद्ध तेवीस दिवस चाललं, कर्ण त्याचा शिष्य, आणि त्याला शाप मिळाला तोही त्याच्याकडूनच. शिवाय हा डोंगर पाणलोटाचा दुभाजक. एका उताराचं पाणी चंबळेतून यमुनेला आणि पुढे बंगालच्या उपसागराला, दुसऱ्या उताराचं नर्मदेतून अरबी समुद्राला. पाणी वाटणाऱ्या माणसानं अखेरीला येऊन बसावं अशी याहून चांगली जागा मला सुचली नाही.

वाटेत महू-पाताळपाणीच्या घाटातले रेल्वेचे बोगदे घातले. ते काढताना एक मजेची गोष्ट हाताला लागली. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये या रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं, साडेचार टक्के व्याजानं, मुदत १०१ वर्षं. एकशे एक वर्षांनी वसुली करायला कोण असेल याची फिकीर न करता सही करणारा माणूस! विज्ञानकथा लिहिणाऱ्यांनी त्याच्याकडे शिकवणीला जायला हवं. गोष्टीत याचा उपयोग झाला नाही, पण एका बोगद्याच्या भिंतीवर मी कोणालाही न वाचता येणारा ‘१०१’ कोरून ठेवलाय.

संहिता लिहून झाल्यावर थंबनेलं. काड्यापेटीएवढ्या चौकोनात अख्खं पान बसवायचं, माणसं म्हणजे नुसत्या काड्या. नवीन माणसांना हा भाग कंटाळवाणा वाटतो. मला विचाराल तर पुस्तक इथेच बनतं, पुढची सगळी हमाली. मराठी पुस्तकात विषम पान उजवीकडे येतं, सम पान डावीकडे. धक्का द्यायचा असेल तर तो पान उलटल्यावर डावीकडे यायला हवा. उजव्या पानावर आला तर डावं वाचतानाच डोळ्याला दिसून जातो. त्यामुळे कुठली घटना कुठल्या पानावर हे कथेपेक्षा बांधणी ठरवते.

मग कागद. ए-थ्रीवर काढायचं, ए-फाइव्हवर छापायचं, म्हणजे लांबी-रुंदी निम्मी. मोठ्या कागदावर मोकळी वाटणारी हॅचिंग, म्हणजे सावलीसाठी ओढलेल्या जवळजवळच्या रेघा, छापल्यावर गच्च होते, हे सतत ध्यानात ठेवावं लागतं. निब, होल्डर, कॅमलिनची काळी शाई, मोठ्या काळ्या भागांना दोन नंबरचा ब्रश. रात्रीची पानं, बोगद्यांची पानं, वस्तीची पानं, सगळी काळ्यात बुडलेली. ते मला येतं. ते मला सरांनी शिकवलंय.

सर म्हणजे रामबागेत ज्यांच्याकडे मी शाळकरी वयापासून चित्रकला शिकले ते. त्यांची परंपरा मोठी. इंदूरच्या चित्रकलेत सगळं देवळालीकरांपाशी जाऊन पोचतं. १९२७ साली त्यांनी इथे कलाशाळा उभी केली; बेंद्रे, हुसेन, चिंचाळकर गुरुजी ही सगळी त्यांची पोरं. हुसेनचं नाव पानवाल्यालाही माहीत असतं, देवळालीकरांचं विचारलं तर तो रस्ता सांगायला लागेल. शिष्य गुरूला असाही संपवतो, हत्याराशिवाय. आमचे सर त्या शाळेत शिकलेल्या एकाचे विद्यार्थी. त्यांचा एकच हेका: आधी सावली काढ, वस्तू मागाहून आपोआप येते. अंड्यापासून राजवाड्यापर्यंत मी तसंच काढत आले.

आणि गोष्टीचा शेवट घडणार होता सावली नसलेल्या दुपारी.

हे लिहिताना फार छान वाटलं होतं. कागदावर उतरवायची वेळ आली तेव्हा निब हातात घेऊन नुसती बसून राहिले. सावली नाही तर घनता नाही, घनता नाही तर दगड, माणूस, माती सगळं एकाच पातळीवर. चोवीस पानं अशी कशी काढायची? चित्रांचे ढीग चाळले, इंटरनेटवरचे फोटो पाहिले. फोटोत लोक रस्त्यावर बाटल्या आणि नळकांडी उभी करून दाखवतात. माणसाचं काय होतं ते कोणी दाखवत नाही.

म्हणून जूनच्या त्या दिवशी गच्चीवर गेले. इंदूरला सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या जरा आधी. आईचं वाळवणाचं शेवटचं घाणं चाललं होतं, बटाट्याचा कीस. आजीच्या वेळची धान्य मोजायची पितळी अधोली मी माळ्यावरून काढली होती, मूळ मापाचं मॉडेल म्हणून. ती कठड्यावर ठेवली. तिची सावली हळूहळू आखडत बुडाशी आली आणि बुडाखाली गेली. आत डोकावले तर अधोलीचा तळ लख्ख उजळलेला, कुठल्याही बाजूच्या भिंतीची सावली त्यावर नाही. एरवी मापाच्या तळावर कुठल्या ना कुठल्या भिंतीची सावली असते. अशाच दुपारी तो पूर्ण दिसतो.

मी ओरडलेच असणार, कारण आईनं मान वर केली. आणि तिचा चेहरा पाहून मी पुन्हा दचकले. भुवयांखाली दोन काळ्या खोबणी, डोळेच नाहीत. नाकाची सावली ओठांवर, हनुवटीची गळ्यावर. गालाची हाडं आणि कपाळ पांढरंफटक. रोजची माझी आई, हातात कीस, आणि चेहरा कवटीचा.

“मेलं ऊन काय म्हणतंय आणि तुझं काय चाललंय! खाली हो आधी,” आई म्हणाली.

“हलू नकोस ना गं, दोनच मिनिटं.”

“कीस काय तुझा बाप गोळा करणार?”

त्या दोन मिनिटांत काढलेलं स्केच पुस्तकातलं सगळ्यात महत्त्वाचं स्केच ठरलं. सावली नाहीशी होत नाही. ती आडव्या गोष्टींच्या खाली जाऊन दडते. उभ्या गोष्टींना काही नाही, पण भुवई, नाक, टोपीची कड, बोटांच्या खालची बाजू, तिथे ती दाट होऊन बसते. म्हणजे काळा रंग मला होता, चिमटीभर. बाकी पान पांढरं. सगळं पुस्तक अंधारात काढून शेवटचा, सगळ्यात वाईट भाग उजेडात काढायचा, असा तो मामला जमला.

आणि अधोलीच्या तळानं तर कथाच फिरवली. तोवर मापारी का पळाला याचं माझ्याकडे धड कारण नव्हतं. म्हातारपण, वैताग, असलं काहीतरी गुळमुळीत होतं. जुन्या बाजारातली एक लबाडी मला आजीकडून माहीत होती: दुकानदार मापाच्या तळाशी लाख ओतून ठेवायचे, वरून माप तेवढंच, आत धान्य कमी. मापाऱ्यानं तेच केलंय. यंत्राचं पाणी वर्षानुवर्षं घटत चाललंय, आणि हा दर वर्षी तळाला लाखेचा एक पातळ थर चढवत आलाय. कोणाला कळलं नाही, सगळ्यांना वाटतं आपल्याला माप भरून मिळतंय. वस्ती भांडली नाही, कोणी कोणाला मारलं नाही. आता थर इतका चढलाय की कर्कवृत्ताच्या दुपारी, पंचांसमोर माप उघडं ठेवायचा जो वार्षिक सोहळा असतो, त्यात तो सगळ्यांना दिसेल. म्हणून तो माप घेऊन पळाला. लबाडी उघडी पडली तर लोक एकमेकांना फाडतील. माप चोरीला गेलं तर निदान एकाच माणसाला शोधतील. त्यानं त्यांच्या रागाला स्वतःचं अंग दिलं, आणि ज्या पोरीला माग काढायला शिकवलं तिलाच ते पाठवणार हे धरूनच.

जानापावच्या माथ्यावर रेवा त्याला गाठते, भर दुपारी. तो निजलेला नाही, लपलेला नाही, माप समोर ठेवून बसलाय. ती आत बघते. तळ दिसतो.

यानंतर ती त्याला मारते. इथे पुष्कळांनी मला थांबवलं. एका मैत्रिणीचं म्हणणं, आता तिला सत्य कळलंय तर मारील कशाला? मला वाटतं, कळलंय म्हणूनच. रिकाम्या हातानं परतली तर पंच विचारणार, तो जिवंत असेल तर कधीतरी बोलणार. धृष्टद्युम्नानं मारलं तेव्हा द्रोण शस्त्र खाली ठेवून ध्यानाला बसले होते, आणि सात्यकी त्याबद्दल त्याच्या अंगावर धावून गेला. महाभारत या मरणाला कुठेही शोभा देत नाही, मीही दिली नाही. माझ्या पुस्तकात त्या पानांवर आवाजाचा एकही शब्द नाही. मराठीत सपकन, खच्चकन, चर्र, किती तरी तयार असतात. हात शिवशिवतो, पण नाही घातले. शेवटच्या पानावर रेवा वस्तीत परतलीय, रात्र आहे, ती चुलीपाशी बसून लाख वितळवतेय. नवा थर.

संवादांच्या फुग्यांबद्दल थोडं, कारण मराठीत काढू पाहणाऱ्या कोणाला तरी उपयोग होईल. इंग्रजी कॉमिकमधले फुगे आपल्याला पुरत नाहीत. त्यांची कॅपिटल अक्षरं विटांसारखी रचता येतात. आपल्याला वर वेलांटी-रफार, खाली उकार, त्यामुळे दोन ओळींत जागा जास्त लागते. ‘मूर्ती’ वरच्या ओळीत आला की त्याचा रफार फुग्याबाहेर डोकं काढणारच. मी आधी अक्षरं लिहिते आणि मग त्यांच्याभोवती फुगा काढते. अक्षरं हातानंच. फॉन्ट वापरायचा विचार केला होता, पण इथल्या छापखान्यात सगळा कारभार हिंदीचा. ल आणि श हिंदी वळणाचे, ‘ऱ्या’ टाइप केलं की र फुटून वेगळाच पडतो. तिथला मुलगा माझं हस्तलिखित पान बघून म्हणाला, “मॅडम, ये ल थोडा अलग नहीं है?” अलगच आहे, म्हटलं, अलगच राहू दे. बोली म्हणाल तर वस्तीतली माणसं आमच्यासारखी इंदुरी मराठी बोलतात, मधेच हिंदी, मधेच माळवी. साडेसहा हजार वर्षांनी कोण काय बोलेल सांगता येत नाही, मग पुण्याची तरी का घ्या?

शाई झाल्यावर पानं सरांकडे नेली. मापाऱ्याचा चेहरा नकळत नव्हे, ठरवून त्यांच्यावरून घेतला होता: पुढे आलेलं नाक, मागे वळवलेले केस, बोलताना उजवा खांदा वर. ते काय म्हणतील याची धास्ती होती. त्यांनी चष्मा पुसला, एकेक पान दोन्ही हातांनी उचलून खिडकीकडे धरलं. गोष्टीबद्दल चकार शब्द नाही. बोगद्यातल्या पानावर म्हणाले, “कोपर बघ. इतकं वाकत नाही.” पुढच्यावर, “पळणारा माणूस चपला अशा काढून ठेवत नाही, एक उलटी असेल.” मग दुपारची पानं आली. बराच वेळ पाहिली.

“सावली नाही काढलीस.”

“त्या दिवशी नसते सर तिथे.”

“हं.” मग नाकावर बोट ठेवलं. “हे माझं घेतलंयस.”

“हो.”

“कान सोडलेस. कान वडिलांसारखे आहेत माझे, चांगले आहेत. घे.”

शेवटच्या क्षणाच्या पॅनलची, म्हणजे चौकटीची, दोन रूपं मी काढून नेली होती. एकात मापारी रेवाकडे बघतोय, डोळ्यांत ओळख आहे. दुसऱ्यात गच्चीवर आई दिसली तसा, डोळ्यांच्या जागी दोन काळ्या खोबणी. पहिलं जास्त हृद्य होतं, मला सोडवत नव्हतं. सरांनी दोन्ही शेजारी ठेवली.

“सूर्य कुठे आहे?”

“डोक्यावर.”

“मग डोळे कुठून दिसतील?” पहिलं पान त्यांनी उलटं करून बाजूला सारलं.

त्यामुळे पुस्तकात तो तिच्याकडे बघतोय की नाही हे कळायला मार्गच उरला नाही. त्यानं तिला ओळखलं का, त्याला तेच हवं होतं का, वाचणाऱ्यानं ठरवावं. हा शेवट माझा म्हणून लोक उद्या बोलतील. तो सरांचा आहे.

छापखान्याची गोष्ट लांबवत नाही. सोळा पानांचा एक फॉर्म, आठ फॉर्म म्हणजे १२८ पानं. माझी १३६ झाली होती, मग पंचांची एक बैठक कापली. ती तशीही रटाळच होती. खरा पेच कागदाचा. साध्या मॅपलिथोवर सॉलिड काळं छापलं की ते पाठीमागून दिसतं. पांढऱ्या दुपारवर मागच्या रात्रीचं भूत उमटणार. दुपार सुरू व्हायला हवी पान उलटल्यावर, म्हणजे डाव्या पानावर. पण डाव्या पानाच्या पाठीला असतं आधीचं उजवं पान, आणि ते काळं. जाड कागद परवडत नव्हता. शेवटी ते उजवं पानच नव्यानं काढलं: सूर्योदय, मैदान, आणि रेवाची लांबच लांब, बारीक सावली. काळं जेमतेम, आणि पुढच्या पानावर ती सावली गायब झालेली चटकन जाणवते. गरजेपोटी काढलेलं ते पान आता मला सगळ्यांत आवडतं.

अर्पणपत्रिकेत सरांचं नाव घालायचं होतं. विचारायला गेले तर हात जोडले. “नको बाई. लोक पुस्तक वाचतील, पहिल्या पानावर नाव बघतील, आणि कोणाला मारलंय ते लगेच कळेल.” मग त्या पानावर माळव्याची ती म्हण टाकली, पग-पग नीरवाली. पान मोकळं ठेवलं असतं तरी पैसे तेवढेच लागले असते.